राजाने नवीन वर्ष दोन महिने अलीकडे ओढले, त्याची गोष्ट

रसद खात्यात आयुष्य काढल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठल्याही लढाईचे वर्णन वाचायला घेतले की तलवारी आणि तोफांच्या आधी मी शोधतो की या लोकांकडे खायला काय होते आणि ते किती दिवस पुरणार होते. पानिपतावर काय झाले हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१ ला जे घडले त्याची सुरुवात रसदेचा रस्ता तुटला त्या दिवशीच झाली होती. आज लिहितोय ते लडाखच्या अशाच एका मोहिमेबद्दल. तिथे मात्र हरलेल्या लढाईतून एक सण उरला, आणि सणाबरोबर गाणे, गोष्ट आणि जेवण.

नव्वदच्या दशकात माझी पोस्टिंग लेहला होती. तेव्हा झोजिला नोव्हेंबरच्या सुमारास बंद व्हायची ती थेट मे महिन्यात उघडायची. मधल्या काळात जे यायचे ते विमानाने, तेही हवामान चांगले असेल तर. म्हणून उन्हाळाभर आमचे एकच काम, विंटर स्टॉकिंग. आटा, डाळ, रॉकेल, टिनातली भाजी, दुधाची पावडर, सगळे मोजून, थप्प्या लावून, ताडपत्र्या बांधून ठेवायचे. ऑक्टोबर संपेपर्यंत जे आत आले ते आपले. डिसेंबर लागला की टिनातल्या भाजीचा वास नाकात बसायचा तो वसंतापर्यंत जायचा नाही.

अशा एका डिसेंबरात लडाख स्काउट्समधला एक नायक, ज्याच्याशी माझे चांगले जमायचे, म्हणाला, “हवालदार साब, घरी चला. लोसर आहे. नवीन वर्ष.” त्याचे गाव शाम भागात, म्हणजे लेहच्या खाली, सिंधूच्या काठाने पश्चिमेला. मी म्हटले, अरे, बाजारातले तिबेटी दुकानदार तर लोसर फेब्रुवारीत म्हणतात. तो हसला. “त्यांचा तेव्हाच असतो. आमचा राजा घाईत होता.”

राजाचे नाव जामयांग नामग्याल. सुमारे १५९५ ते १६१६ हा त्याचा काळ, म्हणजे मुघल गादीवर अकबर आणि मग जहांगीर. पश्चिमेला पुरिगमध्ये, आजच्या कारगिलच्या बाजूला, चिक्तन आणि कार्त्से इथल्या दोन सरदारांचे भांडण पेटले आणि जामयांगने त्यात उडी घ्यायचे ठरवले. पलीकडे स्कर्दूचा अली मीर शेरखान अंचन, बाल्टिस्तानचा सर्वात बलाढ्य राजा. लडाखात सांगतात ते असे: राजाला हिवाळ्यातच निघायचे होते, पण जाणकारांनी सांगितले की नवीन वर्ष लागण्याआधी सैन्य हलवणे अशुभ. थांबायची तयारी नव्हती. मग राजाने नवीन वर्षच दोन महिने अलीकडे आणले, अकराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी लोसर साजरा केला आणि फौज बाहेर काढली.

हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला आपला दसरा आठवला. मराठी फौजा पावसाळ्यात छावणीत असत. नद्या उतरल्या, पिके हाती आली, घोड्यांना चारा झाला की सीमोल्लंघन. मुहूर्त आणि रसद यांचे इतके सुंदर जमलेले लग्न दुसरीकडे क्वचितच दिसते. दसऱ्याचा मुहूर्त हा मुळात कोठारांचा मुहूर्त आहे. जामयांगने मुहूर्त तेवढा हलवला. हिवाळा मात्र आपल्या जागीच राहिला.

लडाखच्या राजघराण्याची बखर, ‘ला-द्वाग्स-ग्याल-राब्स’, पुढचे थोडक्यात सांगते. अली मीर समोरासमोर आलाच नाही. त्याने या फौजेला झुलवत ठेवले, आज ना उद्या करत दिवस काढले आणि खिंडी बर्फाने बंद होऊ दिल्या. मग मागे जायला वाट नाही, पुढे खायला नाही. राजा सैन्यासकट पकडला गेला. बाल्टी फौज लडाखात शिरली, गोम्पा लुटले, ग्रंथ जाळले. कुणी मला विचारले की उंच पहाडातला सर्वात स्वस्त विजय कुठला, तर मी हाच सांगेन. शत्रूला खिंडीच्या अलीकडे ओढा आणि वाट पाहा.

तीच चूक पुढे मोठमोठ्यांनी केली. डोग्रा सेनापती जोरावरसिंग, ज्याने १८३४ मध्ये लडाख जिंकला, तो १८४१ मध्ये पश्चिम तिबेटात खोल घुसला आणि हिवाळ्यात अडकला. सुमारे १५,००० फुटांवर त्याच्या माणसांनी ऊब मिळावी म्हणून बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले असे कनिंगहॅमने लिहून ठेवले आहे. १२ डिसेंबर १८४१ ला तो-यो इथे जोरावरसिंग पडला. उलट बाजूने, हिवाळ्यात कुणी हलत नाही असे गृहीत धरणेही महागात पडते. १९९९ च्या उन्हाळ्यात ते आपण पाहिले. त्यावर इथे पूर्वी लिहून झाले आहे, आज नको.

जामयांगचे पुढे काय झाले? अली मीरने त्याला मारले नाही. आपली मुलगी ग्याल खातून त्याला दिली आणि राज्यही परत दिले, अट एवढीच की गादीवर तिचा मुलगा बसेल. बखरीत अली मीरचे एक स्वप्न आहे: पाण्यातून सिंहाने झेप घेतली आणि तो मुलीच्या देहात शिरला. मुलगा झाला त्याचे नाव सेंगे, म्हणजेच सिंह. लेहच्या बाजारातून वर पाहिले की दिसतो तो नऊ मजली राजवाडा या सेंगे नामग्यालचा. आई मुसलमान राजकन्या, मुलगा लडाखमधला सर्वात मोठा बौद्ध राजा, आणि बौद्ध प्रजेने त्या आईला श्वेत तारेचा अवतार मानले.

ग्याल खातूनबरोबर वादकही आले असे लडाखी परंपरा सांगते. त्यांना खरमोन म्हणतात. खर म्हणजे किल्ला, राजवाडा. वाद्ये दोन, दमन आणि सुरना. दमन म्हणजे जोडीचे नगारे आणि सुरना म्हणजे आपल्या सनईची बहीण. राजवाड्यावरून ही जोडी वाजायची, तसा आपल्याकडे गडाच्या नगारखान्यात चौघडा झडायचा. मराठी माणसाला लडाखचे गाणे पहिल्यांदा परके वाटत नाही ते याच कारणाने. सूर वेगळे असतात, पण लाकडी सुरनेतून निघालेला तो जरा नाकातला आवाज आणि खालून नगाऱ्याची थाप ऐकली की लग्नाचा मांडव डोळ्यासमोर येतो.

तर मी लोसरला गेलो. सुमोतून अर्धा रस्ता, उरलेला पायी. घर दुमजली, खाली जनावरे, वर मोठे स्वयंपाकघर, मध्ये लोखंडी-मातीची चूल, मागच्या फळ्यांवर पितळी-तांब्याची भांडी ओळीने चमकत होती. हिवाळ्यात सगळे कुटुंब याच एका खोलीत राहते. भिंतीवर पिठाच्या ठिपक्यांनी काढलेले काळविटासारखे प्राणी, आणि फळीवर कणकेचे तसेच छोटे पुतळे. तो प्राणी म्हणजे स्किन, मोठ्या शिंगांची पहाडी बकरी. भरभराटीची खूण म्हणून लोसरला तो करतात.

चुलीवर गुथुक शिजत होते. ‘गु’ म्हणजे नऊ, नऊ जिनसांचे थुक्पा. त्या घरात कणकेचे गोळे, वाळलेले मटण, वाटाणे, सुकवलेले चीज म्हणजे छुर्पे, मुळा, आणखी काय काय होते. मी टिनाच्या भाजीवर महिना काढून आलेला. तीन वाट्या प्यायलो. बरोबर खंबीर, जाडजूड, खमीर घातलेली रोटी, आणि गुर-गुर चहा. लाकडी नळकांड्यात लोणी, मीठ आणि चहा घुसळताना जो आवाज होतो तेच त्याचे नाव. आपले बरेच जवान हा चहा पहिल्या घोटाला थुंकतात. माझा सल्ला असा की त्याला चहा समजूच नका, सूप समजा.

मग नायकाच्या आजीने, आबी-लेने, मला कोठार दाखवले. तेव्हा माझ्यातला स्टोअरमन जागा झाला. भाजलेल्या जवाचे पीठ, ङम्फे, म्हणजे आपल्या सातूच्या पिठाचा सख्खा भाऊ, लाकडी पेट्यांत. शामच्या जर्दाळूंची सुकवलेली फळे वेगळी, बियांतल्या गरांचे तेल वेगळे. छुर्पे पिशव्यांत. सलगम, गाजर, बटाटे जमिनीखालच्या खड्ड्यात मातीने झाकलेले, गोठू नयेत म्हणून. (बटाटा या मुलखात जुना नाही, लाहौलमध्ये तो एकोणिसाव्या शतकात मोरेव्हियन मिशनऱ्यांनी लावला.) गवत छपरावर रचलेले, शेणाच्या गोवऱ्या आणि काटक्या भिंतीला लागून. कागद नाही, लेजर नाही, पण काय मेपर्यंत पुरेल आणि काय मार्चमध्ये संपेल हे म्हातारीला तोंडपाठ. आमच्या डेपोत एवढ्या कामाला चार क्लार्क होते.

उन्हाळ्यात हेच लोक वेगळे जेवतात. पाबा, म्हणजे जव-वाटाण्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि बरोबर तांगतुर, ताकात घातलेली रानभाजी. ऑगस्टमध्ये ताजे जर्दाळू. नांगरणीला झोच्या मागे चालताना गाणे, कापणीला गाणे, आणि उफणणी करताना वारा यावा म्हणून शीळ. ते सगळे मी पुढच्या उन्हाळ्यात पाहिले, पण सुटी दोन दिवसांची, आणि उन्हाळ्यात तिथे कुणालाही तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.

बोलायला वेळ हिवाळ्यातच. आणि म्हणून गोष्टही हिवाळ्यातच.

जेवण झाल्यावर आबी-लेने केसर सुरू केला. केसरची कथा म्हणजे मध्य आशियातली सर्वात लांबवर पसरलेली अद्भुतकथा. तिबेटात, मंगोलियात, बैकल सरोवराकाठच्या बुर्यातांत, आणि इकडे लडाख, लाहौल, बाल्टिस्तानात. बाल्टी लोक मुसलमान झाले, तरी केसर सोडला नाही. मंगोल भाषेत तो बीजिंगमध्ये १७१६ मध्ये छापलाही गेला. नाव कुठून आले? बऱ्याच अभ्यासकांच्या मते ‘सीझर’मधून, म्हणजे रूमचा कैसर. आठव्या शतकात काबूलला ‘फ्रोमो केसरो’ नावाचा राजा होता, त्याचेही नाव याच शब्दाचे. रोमच्या बादशहाची पदवी हिमालयात येऊन एका पोराचे नाव झाली, आणि आपण तीच पदवी ‘कैसर-ए-हिंद’मध्ये राणीच्या नावापुढे वाचली.

लडाखी कथेत केसर हा देवांच्या राजाचा, आपल्या इंद्राचा, सर्वात धाकटा मुलगा. ग्लिंग देशात राजा नाही म्हणून तो पृथ्वीवर जन्म घेतो, तोही गरीब बाईच्या पोटी, कुरूप पोर होऊन. ग्लिंगमध्ये अठरा अगु, म्हणजे काका. एकाला तर बोकडाचे डोके. केसर त्यांना फसवतो, द्रुगुमाशी लग्न करतो, आणि मग उत्तरेला राक्षस मारायला निघतो. द्रुगुमा अडवते, तो ऐकत नाही. राक्षस मरतो, पण राक्षसाची बायको त्याला विसरण्याचे अन्न खाऊ घालते. ते खाऊन तो घर, बायको, राज्य सगळे विसरून तिथेच राहतो. इकडे होरचा राजा ग्लिंगवर चालून येतो आणि द्रुगुमाला घेऊन जातो.

आबी-ले सांगत होती लडाखीत, नायक कानात हिंदी करत होता. सांगणे साध्या बोलण्यात, पण पात्र बोलायला लागले की गाणे. या गाण्यांना ग्लिंग-लु म्हणतात. द्रुगुमा नवऱ्याला थांबवते ते गाणे तिने डोळे मिटून म्हटले. चुलीजवळ बसलेली नायकाची बायको, जिचा नवरा वर्षातले दहा महिने कुठल्या ना कुठल्या पोस्टवर असायचा, हातातले काम थांबवून ऐकत होती.

विसरण्याच्या अन्नापाशी म्हातारी थांबली. माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाली. नायक जरा ओशाळला. मी विचारले, काय म्हणतात? “साब, विचारते आहे, घरी चिठ्ठी लिहिली का?” पाच आठवडे लिहिली नव्हती. वाट्या तीन संपवल्या होत्या. मी काहीच बोललो नाही, आणि म्हातारीला तेवढ्यात उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी दाराशी दमन वाजला. गावचे दोन मोन वादक घरोघर फिरत होते. त्यांना पीठ दिले, छांग दिली. पण बसायची वेळ आली तेव्हा ते आपणहून ओळीच्या शेवटी, दाराजवळ बसले. लडाखात बसण्याच्या ओळीला मान असतो; मोन, बेडा हे वादक आणि गारा म्हणजे लोहार, यांची जागा तळाला. ज्यांच्याशिवाय लग्न लागत नाही, त्यांची पंगत वेगळी. हे आपल्याकडच्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी नायकाकडे पाहिले, तो चुलीकडे पाहत होता. आणि याच घरात आदल्या रात्री जी कथा चालू होती तिच्यात केसर होरमध्ये शिरतो तो लोहाराचा चेला होऊन. भाता फुंकतो, हातोडा मारतो, आणि त्याच वेशात राजवाड्यापर्यंत पोचतो. देवाच्या मुलाला लोहार व्हायला चालते. लोहाराला ओळीत वर बसायला चालत नाही.

हा केसर कागदावर आणला ऑगस्ट हर्मन फ्रान्के या जर्मन मोरेव्हियन मिशनऱ्याने. तो १८९६ मध्ये लेहला आला, पुढे खालत्सेला राहिला. आला धर्मप्रसाराला, आणि गोळा करत बसला शिलालेख, म्हणी, गाणी. त्याने जमवलेली लडाखी गाणी १९०२ मध्ये आपल्या मुंबईत छापल्या जाणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वरी’त आली. १९०४ मध्ये त्याने लेहला लडाखी वर्तमानपत्र काढले. वर सांगितलेल्या बखरीचा इंग्रजी अनुवादही त्याचाच. केसरच्या कथेचे त्याने दोन भाग पाडले, वसंताची कथा आणि हिवाळ्याची कथा. केसर म्हणजे वसंताचा सूर्य, द्रुगुमा म्हणजे धरती, होरचा राजा म्हणजे हिवाळा, असे त्याचे गणित. त्या काळात युरोपात प्रत्येक पुराणात सूर्य शोधायची साथच होती, आणि हे गणित मला फार ताणलेले वाटते. राक्षसाच्या बायकोला कुठला ऋतू म्हणायचे? पण ही गोष्ट ऋतूशी बांधलेली आहे हे त्याने अचूक हेरले. आबी-लेला मी विचारले होते, उन्हाळ्यात का नाही सांगत? ती म्हणाली, उन्हाळ्यात सांगितली तर अवेळी बर्फ पडते, आणि शेतावर कोण जाणार? यातले दुसरे कारण मला पुरेसे वाटले.

२००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत ही कथा गेली, ती चीनच्या नावावर. लडाखात १९७१ पासून आकाशवाणीचे केंद्र आहे, त्यावरूनही केसर ऐकवला गेला आहे. पण आता झोजिला काही वर्षे मार्चमध्येच उघडते. २०२० मध्ये रोहतांगखालून अटल बोगदा झाला, २०२५ च्या जानेवारीत सोनमर्गचा झाला, झोजिलाखालचा चालू आहे. रसदवाला म्हणून मला याचा आनंदच आहे. ज्याने ताडपत्रीखालच्या बटाट्यांचे दगड झालेले पाहिलेत तो बंद रस्त्याबद्दल हळवा होत नाही. आजारी माणूस जानेवारीत श्रीनगरला पोचेल, मुलगा सुटीत घरी येईल. हिवाळ्याच्या लांब रात्री कमी होतील त्याला इलाज नाही.

नायक आता निवृत्त आहे, सुभेदार होऊन. दर लोसरला आम्ही फोनवर बोलतो. गेल्या डिसेंबरात मी विचारले, आबी-ले गेल्यावर घरात केसर कोण सांगतं? म्हणाला, “मीच. नातवंडं ऐकतात. पण होरपर्यंतच येतो मला.” का? “साब, आबी-ले ती कथा लोसरला सुरू करायची आणि होरचा भाग यायचा फेब्रुवारीत. माझी सुटी लोसरपुरती. चोवीस वर्षांत पुढचा भाग एकदाही ऐकायला मिळाला नाही.”

फ्रान्केचे पुस्तक कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने छापले होते. लडाखी मूळ पाठ आणि इंग्रजीत सारांश. माझ्याकडे त्याची स्कॅन केलेली प्रत आहे. सध्या मी इंग्रजी वाचतो, हिंदीत फोनवर सांगतो, तो लडाखीत नातवंडांना सांगतो. गाणी त्याला कुठूनतरी आठवतात, नाही आठवली तर बायको आतून ओरडून सांगते. केसर आता लोहाराच्या भट्टीवर आहे. मार्चमध्ये त्यांची नांगरणी सुरू होते, त्याआधी द्रुगुमाला घरी आणायचे आहे.